प्रेताची भूमिका

शालन सावईकरांच्या नऊ कादंबऱ्यांत
मी अकरा वेळा मेलो.
त्याआधी टीव्हीवर तेरा वेळा, दर शुक्रवारी,
बातम्या संपल्यावर.

पणजीला आल्तिनच्या टेकडीवर स्टुडिओ.
बाई तेव्हा बाई नव्हत्या,
चोवीस वर्षांची पोर, झिजलेली चप्पल, कानावर पेन्सिल.
प्रेतासाठी पैसे नव्हते बजेटात
आणि मी चहा घेऊन उभा होतो.
"सगुण, जरा मरशील?"
म्हटलं, मरतो. किटली कुठे ठेवू?

रक्त आमसुलांच्या आगळाचं.
दिव्यांखाली ते वाळायचं, मुंग्या यायच्या.
मुंगी पापणीवर चढली तरी हलायचं नाही,
बाईंनी "कट" म्हणेपर्यंत श्वास धरायचा.
मला ते जड नव्हतं. मी दिवाडीचा,
खुब्यांसाठी बुडी मारणारा.

एकदा त्यांनी विचारलं, मेल्यावर काय दिसतं रे?
पंखा, म्हटलं. पंख्यावरची पाल.
आणि तुमची चप्पल.

तेराव्या भागात खुनी सापडायचा होता.
वरून फोन आला, खुनी बदला,
तो कुणासारखा तरी दिसतोय.
एका रात्रीत त्यांनी माळ्याला खुनी केलं.
माळी झालेला माणूस कोपऱ्यात बसून रडला,
घरी मुलीची सोयरीक चालली होती.
बाईंनी संहिता मिटली
आणि मुंबईची बस धरली.
मी नदी परिवहन खात्यात लागलो, फेरीबोटीवर, दोराला.

सात वर्षं त्यांनी रोजची मालिका लिहिली.
चतुर्थीला आल्या तेव्हा धक्क्यावर म्हणाल्या,
"सगुण, तिथे कुणाला नीट मरूच देत नाहीत.
दोन महिन्यांनी परत आणतात, चेहरा बदलून."

पहिली कादंबरी म्हापशाला लिहिली,
बेकरीवरच्या भाड्याच्या खोलीत.
पाचशे प्रती. त्यातली एक मी घेतली,
शुक्रवारच्या बाजारात, मिरच्या घ्यायला गेलो असताना.
बाराव्या पानावर प्रेत.
डाव्या कानाखाली तीळ.
घरी येऊन आरशात पाहिलं.

मग मी नोटरी झालो, खाणीचा मुकादम झालो,
एकदा पाद्रीसुद्धा, कोलव्याचा.
तीळ तोच. आणि मरणाऱ्याला शेवटी दिसायची
एक झिजलेली चप्पल.
पाचवीला पुरस्कार मिळाला,
परीक्षकांनी चपलेच्या प्रतीकावर
पाऊण पान लिहिलं.
मी ते कात्रण केबिनमध्ये लावलं,
हवेने पिवळं पडलं.

यंदाच्या दहावीत प्रेतच नाही.
एक माणूस फेरीबोटीवर दोर बांधतो.
कानाखाली तीळ.
त्याने एका रात्री काहीतरी पाहिलंय:
लोहखनिजाचा बार्ज, दिवे मालवलेले,
दोघे जण, एक गोणपाट,
पाण्यात पडताना जड वाटणारं.
तीनशे पानं तो गप्प राहतो.
शेवटच्या ओळीत तोंड उघडतो,
आणि पुस्तक संपतं.

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.
बायकोलाही नाही, देवळातही नाही.
अठ्ठ्याण्णव साल, अमावास्या,
शेवटची फेरी करून आलो होतो,
धक्क्यावर मी एकटाच.

काल बाई आल्या, काठी टेकत.
खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, कठड्याला उभ्या राहिल्या.
जुन्या गोव्याचा धक्का मागे पडला, मध्यावर पाणी चढतीचं.
"वाचलीस?" त्यांनी विचारलं.
कानावर पेन्सिल होती.
मी दोराची गुंडाळी करत राहिलो,
केलेली सोडून पुन्हा केली.
त्या बघत होत्या.
मी श्वास धरून उभा,
आणि त्यांनी अजून "कट" म्हटलेलं नाही.